भिंतीची ओळ

नेहेमेस नावाच्या त्या बाईने बकरीने चघळलेली कातड्याची नळी चटईवर ठेवली, तेव्हा पदिखोन्सला आधी फक्त वास आला. लाळेचा, ओल्या चामड्याचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी लहान मुलाच्या मानेचा. वर्षानुवर्षे एकाच गळ्यात राहिलेल्या ताइताला हा वास येतोच, हे त्याला ठाऊक होते. खोन्सूच्या देवळामागच्या या लेखनघरात वीस वर्षे तो ताईतच लिहीत होता. तरी त्याने नळी लगेच उचलली नाही. बाई बोलत होती. पोरगी अंगणात निजली होती, बकरीने दोरीसकट नळी ओढली, दोरी जुनी होती म्हणून तुटली, नाहीतर गळाच आवळला असता. परवा नवऱ्याच्या होडीतून उत्तरेला जायचे होते आणि ताइताशिवाय पोरीला पाण्यावर न्यायची तिची छाती होत नव्हती. "लेखनिकदादा, आतलं बकरीनं खाल्लं असेल तर देवाचं वचन आता बकरीला लागू होणार का हो?" असे म्हणून ती हसली आणि आपण देवळाच्या आवारात आहोत हे आठवून तिने तोंडावर हात ठेवला. पोरगी तिच्या मागून डोकावत होती. ताशेरी. पुढचे दोन दात नुकतेच आलेले, चेहऱ्याला अजून मोठे होणारे. म्हणजे आठ वर्षांची. त्याच्या लेकीचे, हेनूतचेही हे दात आता आले असते, असे त्याच्या मनात आले आणि त्याने ते नेहमीप्रमाणे तिथल्या तिथे दाबून टाकले, जळत्या वातीवर ओले बोट ठेवावे तसे.

बंद केलेली नळी उघडायची नाही, असा नियम होता. आत देवाचे बोलणे असते, आणि ते ज्याच्यासाठी बोलले गेले त्याच्याखेरीज कुणी वाचायचे नसते. खरे तर ज्याच्यासाठी असते त्यालाही वाचता येत नसे. पण दोरी तुटली, कातडे फाटले, तर लेखनिकाने पट्टी काढून ओल लागली आहे का ते बघावे आणि नव्या नळीत घालावी, एवढी सवलत होती. पदिखोन्सने दोरा सोडला. चार बोटे रुंदीची पपायरसची पट्टी, घट्ट गुंडाळलेली, बोटभर जाडीची. बकरीचा दात फक्त टोकाला लागला होता. त्याने ती हळूहळू उलगडली आणि अक्षर ओळखले. त्याचेच होते, आठ वर्षांपूर्वीचे, आताच्यापेक्षा सरळ आणि आताच्यापेक्षा खुशीतले. ओल बघायची म्हणून तो बघत होता, पण वाचायला येणाऱ्या माणसाला नुसते बघता येत नाही. मी तिला राखीन मगरीच्या तोंडापासून, असे खोन्सू म्हणत होता. मी तिला राखीन सापाच्या दातापासून आणि विंचवाच्या नांगीपासून. मी तिला राखीन कालव्यातल्या, विहिरीतल्या, तळ्यातल्या भुतापासून. मी तिला राखीन पडत्या भिंतीपासून. ही शेवटची ओळ त्याची जीभ ओठांच्या आत म्हणून गेली आणि डोळे मागे राहिले. डोळ्यांना ती सापडली नव्हती. त्याने पुन्हा वरून वाचले. विहिरीतल्या भुतानंतर पट्टीवर थेट आकाशातून पडणारी वीज होती. पडत्या भिंतीचे चिन्ह, एका अंगाला कललेली ती चौकट, जी पाहिली की गेली तीन वर्षे त्याचा बोरू क्षणभर अडखळायचा, ती तिथे नव्हतीच.

"ओल गेलीय का आत?" बाईने विचारले. त्याने नाही म्हटले. उद्या या, म्हणाला. नवी नळी शिवून घ्यावी लागेल, उद्या दुपारी या. ती गेली तेव्हा पोरगी मान खाजवत होती. गळ्याभोवती दोरीचा पांढुरका वळ होता, आठ वर्षांच्या उन्हात तेवढीच जागा कोरी राहिलेली.

कसे झाले ते त्याला ताबडतोब समजले. त्या वर्षी नदी उशिरा चढली होती, मुले मात्र वेळेवर जन्माला आली होती. सणाच्या दिवशी देवाची पालखी बाहेर निघायच्या आत बारा पट्ट्या तयार हव्या होत्या, म्हणजे त्या पालखीपुढे धरता येतील आणि देव पुढे झुकून होकार देईल. मूळ प्रत एकच, तीही कडेने झिजलेली, आणि तिची नवी नक्कल करायला मुख्य लेखनिक अंखेफ बसला होता. म्हणून पदिखोन्सने एक पट्टी मूळ प्रतीवरून लिहिली, दुसरी त्या पट्टीवरून, तिसरी दुसरीवरून. प्रत्येक ओळ सारखीच सुरू होते. मी तिला राखीन, मी तिला राखीन. बोरू शाईत बुडवायला नजर उचलायची, परत आणायची ती एक ओळ खाली. वेड्यावाकड्या अक्षरात ही चूक होत नाही, कारण वेड्यावाकड्या अक्षरात प्रत्येक ओळ वेगळी दिसते. ज्याच्या ओळी दगडी पायऱ्यांसारख्या एकसारख्या येतात, त्याच्याकडूनच ही चूक होते. आणि एकदा ओळ सुटली की पुढच्या सगळ्या पट्ट्यांतून ती सुटते, कुणाच्या लक्षात न येता, कारण मागची पट्टीच आता मूळ झालेली असते. त्या बारांत एक हेनूतची होती. कितवी? त्याला शाईत पडलेली माशी आठवत होती. त्याची बायको मेरेस नुकतीच बाळंत झाली होती आणि शेजारीण दर थोड्या वेळाने निरोप पाठवत होती की दोघी निजल्यात, हे आठवत होते. पालखीपुढे ती पट्टी धरली तेव्हा देव इतरांच्या वेळेपेक्षा जास्त खाली झुकला असे वाटले होते, आणि मग दिसले होते की डाव्या अंगाच्या भोयाचा पाय खड्ड्यात गेला आहे. हेही आठवत होते. कितवी, तेवढे मात्र नाही.

आणि मग जे त्याच्या आत झाले त्याची त्याला लाज वाटली. त्याला बरे वाटले. लांब चालून आल्यावर कुणीतरी बसायला जागा द्यावी तसे. तीन वर्षे तो एकच प्रश्न घेऊन उठत होता आणि निजत होता. पाच वर्षांची मुलगी शेजारच्या धान्यकोठाराच्या भिंतीच्या सावलीत मातीचे बदक करीत बसली होती, भरदुपारी, वारा नसताना ती भिंत तिच्या अंगावर आली, आणि तिच्या गळ्यात खोन्सूचे वचन होते की असे होणार नाही. ते त्याने स्वतः लिहिले होते, आणि तो धावत आला तेव्हा धुळीने भरलेल्या त्या गळ्यात स्वतः पाहिलेही होते. मग देव काय करीत होता? याला उत्तर नव्हते, आणि उत्तर नसताना रोज सकाळी तीच ओळ दुसऱ्यांच्या मुलांसाठी लिहायची होती. आता उत्तर आल्यासारखे वाटत होते. देवाने दगा दिला नव्हता. देवाला कुणी सांगितलेच नव्हते. ओळ नव्हती. माझ्या हाताने सुटली. मी. हा शब्द त्याने मनात दोन-तीनदा उच्चारून पाहिला आणि त्याला आधार मिळाला, भयंकर पण पक्का.

पण त्याचे डोके तिथे थांबणारे नव्हते. लहानपणापासून त्याला मोजायची खोड होती. बारा नावे त्याला पाठ होती. त्यातली दोन मुले तापाने गेली. कुंभारांच्या आळीतला एक मुलगा विंचू चावून गेला. हेनूत भिंतीखाली. राहिलेली आठ जिवंत होती, ताशेरीसकट. त्यांतल्या किती पट्ट्यांत भिंतीची ओळ नसेल? सहांत, सातांत? ती पोरे आठ वर्षे या वासेत नगरात फिरत होती, जिथे भिंतीशिवाय दुसरे काही नाही, कच्च्या विटांच्या, पावसाची सवय नसलेल्या, पायाशी ओल धरून बसलेल्या भिंतींच्या बोळांतून. एकाही भिंतीने त्यांच्याकडे वळून पाहिले नव्हते. आणि विंचवाची ओळ तर कुठल्याच पट्टीतून सुटणे शक्य नव्हते. सापाच्याच ओळीत ती जोडलेली होती. ओळ असलेला गेला, ओळ नसलेली राहिली. मग ओळ असल्याने काय होते आणि नसल्याने काय होते? हा विचार त्याने पुरा केला नाही. आत्ताच मिळालेली बसायची जागा त्यामुळे खालून सरकायला लागली होती.

कुंभाराच्या मुलाची आई आली होती तो दिवस त्याला आठवला. अशा आया यायच्या. भांडायला नव्हे, विचारायला. त्यांना काय विचारायचे ते लेखनघरात ठरलेले होते, अंखेफनेच शिकवले होते. ताईत काढला होता का? बस, एवढेच. पदिखोन्सने त्या बाईलाही ते विचारले होते, मऊ आवाजात. तिने आधी नाही म्हटले. मग ती विचारात पडली, तिचे डोळे मागे मागे गेले, दिवसांमागून दिवस उलटत, आणि ती म्हणाली, "न्हाऊ घालताना... एकदा. महिना झाला असेल." आणि त्याने मान हलवली होती. काहीही बोलला नव्हता, नुसती मान. ती बाई उठून गेली ती कशी गेली, हे त्याने पाहिले नव्हते. जगात अशी आई नाही जिने ताईत एकदाही काढला नाही, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात आले होते. पण ती गोष्ट त्याने बाजूला ठेवून दिली होती.

दुपारच्या आधी त्याने ती पट्टी अंखेफला दाखवली. अंखेफ म्हातारा झाला होता, एक डोळा पांढरा पडला होता. पट्टी नाकापाशी धरून त्याने ती वाचली, की वाचल्यासारखे केले. पदिखोन्सने ओळ सुटल्याचे सांगितले, कशी सुटली असेल तेही सांगितले, आणि बाराच्या बारा पट्ट्या मागवून तपासाव्यात असे सुचवले. अंखेफने शांतपणे पट्टी गुंडाळली.

"पोरगी जिवंत आहे ना?" त्याने विचारले.

"हो."

"मग ओळ आहे."

मग अंखेफ खाली वाकून म्हणाला, "अरे बाबा, तू मागवायला गेलास की आठ आया देवळाच्या दारात येऊन छाती बडवतील. आज त्या सुखानं झोपतात ना? ताईत कशासाठी असतो, पोरांसाठी? पोरं तशीही झोपतात." मग त्याला काहीतरी आठवले असावे, कारण त्याने एकदम पदिखोन्सच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा, आणि पदिखोन्सला तो झटकून टाकावासा वाटला.

ताशेरीची पट्टी लेखणीच्या पेटीत टाकून तो घरी निघाला. उन्हात बोळांची एकच बाजू सावलीची होती आणि सगळी माणसे त्याच बाजूने, भिंतीला अंग घासत चालत होती. कोठाराची भिंत नवी बांधली होती. तीन वर्षांत तिच्याही पायाशी पांढरा खार फुटला होता, बरोबर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. नदी चढली की जमिनीतून ओल वर येते, विटेतून चढते, उन्हाने सुकते आणि मीठ मागे ठेवते. दरवर्षी वीट पोखरत जाते, शेवटी भिंत हवेवर उभी असल्यासारखी होते. हे त्याने जुन्या भिंतीतही पाहिले होते. हेनूत गेली त्याच्या आदल्या महिन्यात येताजाता त्याने तो पांढरा पट्टा पाहिला होता, बोट लावून चाटलाही होता, खारट. शेजाऱ्याला सांगू असे मनात आले होते. पण भिंतीची ओळ मुलीच्या गळ्यात होती. तो उभा राहिला. हे त्याला आजवर कधीच सुचले नव्हते. त्याने ते सुचू दिले नव्हते.

घरी मेरेस अंगणात खपली गव्हाची कणीक मळत होती. तिच्या हातांच्या पाठीवर भेगा होत्या. तीन वर्षांत तिला हात धुवायचा नाद लागला होता, नदीकाठचा खार घेऊन, दिवसातून आठ-दहा वेळा, कातडी सोलवटेपर्यंत. आणि कामात मध्येच थांबून ती हातांकडे बघत बसायची, दुसऱ्याचे असल्यासारखे. दुःखाने होते असे, म्हणून त्याने कधी विचारले नव्हते. तो आत गेला, कपड्यांच्या पेटीतून हेनूतची नळी काढून बाहेर आला. ती पुरू द्यायची नाही, असे मेरेसनेच तेव्हा सांगितले होते. प्रेतावर पट्ट्या बांधणाऱ्यांच्या हातून तिने ती ओढून घेतली होती.

"कशाला काढलीस?" तिने विचारले.

"एक ओळ बघायचीय. लिहिताना माझ्याकडून सुटली असेल." थोडे थांबून तो म्हणाला, "भिंतीची."

तिचे हात कणकेत तसेच राहिले. अंगणातल्या उंबरावर एक कबुतर पंख फडफडवून पुन्हा त्याच फांदीवर बसले.

"सुटली असली काय आणि नसली काय," ती म्हणाली. "गळ्यात नव्हताच तिच्या."

मग तिने सांगितले. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. बाजारातून काय आणले ते सांगावे तसे एकामागून एक. मानेला घामोळे उठले होते. दोरीखाली कातडी लाल झाली होती, पोर रात्रभर खाजवत होती. सकाळी तिने ताईत काढला, मान धुतली, एरंडेल लावले, आणि दोरीही धुऊन खुंटीवर वाळत घातली. वाळली की घालू. पोरगी ओल्या मानेनेच बाहेर पळाली. मग तो आवाज झाला.

"मी आधी बाहेर नाही धावले, पदी. आधी खुंटीकडे धावले." ती कणकेकडे बघत होती. "तुला कळेल म्हणून नाही. मला वाटलं, घातला तर अजून लागू होईल. मी तिच्यापाशी बसून ताइताच्या सातही गाठी मारल्या. नीट, एकेक म्हणत. गाठी मारत होते तेव्हा तिचा श्वास चालू होता."

पदिखोन्सने नळी उघडली. पट्टी कोरडी होती, कडा तांबूस झालेल्या. मगर. साप आणि विंचू. कालवा, विहीर, तळे. आणि मग ती होती. मी तिला राखीन पडत्या भिंतीपासून. किंचित मोठ्या अक्षरात, जपून लिहिलेली, कललेली चौकट इतकी रेखीव की जणू लिहिणाऱ्याला त्याच ओळीचा अभिमान होता. ही पहिली पट्टी होती. अर्थातच पहिली होती. आपल्या मुलीची त्याने मूळ प्रतीवरूनच लिहिली असणार.

म्हणजे हात चुकला नव्हता. देवही चुकला नव्हता. वचन पुरे होते, शब्दन्‌शब्द, आणि ते खुंटीवर टांगलेले होते. सगळे जुळत होते. वीस वर्षे लेखनघरात विचारला गेलेला तो प्रश्न बरोबर होता, अंखेफ बरोबर होता, कुंभाराच्या मुलाची आई, तीही बरोबर जागी जाऊन पोहोचली होती. ओळ आहे, एवढेच म्हणायचे होते. ते म्हटले की खोन्सू परत जागेवर येणार होता आणि उद्यापासून बोरू अडखळणार नव्हता. जिवंत आठ मुले आणि पांढरा खार यांचे काय करायचे, हेही मग विचारावे लागणार नव्हते. बदल्यात फक्त मान हलवायची होती, आणि ते त्याला येत होते. त्याने मेरेसच्या हातांकडे पाहिले. भेगांमध्ये कणीक जाऊन बसली होती.

"नाहीये," तो म्हणाला. "ओळ नाहीये. गळ्यात असता तरी..."

तिने वर पाहिले. "नाहीये?"

"मीच सोडली."

ती उठून आली. तिला वाचता येत नव्हते. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि पट्टीवर वाकली, तेव्हा तिच्या अंगाला धुराचा आणि आंबलेल्या पिठाचा वास होता, आणि तीन वर्षांत ती इतक्या जवळ आली नव्हती. "कुठं नाहीये? दाखव."

जे नाही ते कुठे दाखवायचे, ते त्याला सुचेना. त्याने बोट ठेवले. बरोबर त्या ओळीवर, आडवे, जेवढी झाकेल तेवढी झाकून. "इथे," तो म्हणाला. "इथे असायला हवी होती."

मेरेसने त्याचे बोट धरून बाजूला केले. ती बघत राहिली. मग तिने करंगळीचे टोक कललेल्या चौकटीखाली नेले. चौकटीला कणकेचा कण चिकटला.

"आणि हे तिरकं काय आहे?"

"वीज," तो म्हणाला.

तिने करंगळी मागे घेतली. मग म्हणाली, "विजेपासून राखलंस तिला." तिचा आवाज अगदी साधा होता. "वासेतमध्ये वीज कधी पडलीय रे? मी तर जन्मात पाहिली नाही."

ती परत जाऊन बसली. हात धुतले नाहीत. कणीक ओढून घेतली आणि मळायला लागली, जोर लावून, मूठ वळवून, आणि तिचे खांदे आता वेगळे दिसत होते, कुणीतरी ओझे उतरवून ते दारात दुसऱ्यासाठी ठेवल्यासारखे. ती त्याला क्षमा करणार नव्हती. त्याने ती मागितलीही नव्हती. तिला सांगून टाकता येण्याजोगे एक सत्य त्याच्याजवळ होते आणि ते आता मरेपर्यंत त्याच्याजवळच राहणार होते, गुंडाळून, दोरा बांधून.

त्याने चिन्हावरचा कणकेचा कण फुंकून टाकला आणि पट्टी नळीत घातली. मग दुसरे काही सुचेना म्हणून लेखणीच्या पेटीतून ताशेरीची पट्टी काढून मांडीवर पसरली. विहीर आणि वीज यांच्यामध्ये जवाच्या दाण्याएवढी जागा होती. त्याचा त्यावर विश्वास आहे की नाही, हे त्याला सांगता आले नसते. पोरगी परवा होडीत बसणार होती, आणि उत्तरेलाही भिंती असतात. त्याने शाईच्या वडीवर पाण्याचा थेंब टाकला, बोरू भिजवला आणि त्या फटीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहायला लागला. मी तिला राखीन. मळण्याचा आवाज थांबला होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याला कळले की मेरेस बघते आहे. तीन वर्षे ती स्वतःच्या हातांकडे जशी बघत होती तशी, आता त्याच्या उजव्या हाताकडे. भिंतीची ओळ पुरी होईपर्यंत तिने नजर काढली नाही.